विश्लेषण : चर्चमध्ये प्रवचनाचा आणि नेतृत्वाचा अधिकार स्त्रियांना आहे का? आजऱ्यापासून व्हॅटिकनपर्यंत उत्तरे वेगळी का?

आजऱ्याहून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी येते. ते कॅथलिक चर्चच्या सिंधुदुर्ग धर्मप्रांताचे केंद्र. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या या धर्मप्रांतात सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे येतात. म्हणजे आजऱ्यातील कॅथलिक कुटुंबेही त्यातच मोडतात. आजऱ्याहून उलट दिशेला कोल्हापूर गाठले, तर तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे ‘सीएनआय’ या प्रोटेस्टंट चर्चचा वेगळा धर्मप्रांत आहे.

दोन्हीकडे नवा करार तोच आहे. प्रभू येशूची प्रार्थना तीच आहे. तरीही ‘आमच्या मुलीला वेदीवर उभे राहून उपासना चालवायची आहे, ते शक्य आहे का?’ असे विचारले, तर एका बाजूने ‘नाही’ आणि दुसऱ्या बाजूने ‘होय’ असे उत्तर मिळते. एकाच जिल्ह्यात दोन उत्तरे का? त्यामागे शास्त्र किती, परंपरा किती आणि सवय किती? महाराष्ट्रात हा प्रश्न नवा आहे का?

प्रश्न एक आहे की तीन?

‘स्त्रियांना चर्चमध्ये अधिकार आहे का’ हा प्रश्न एका वाक्यात विचारला जातो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिला, देवाचे वचन लोकांसमोर सांगण्याचा, म्हणजे उपदेश आणि प्रवचन करण्याचा. दुसरा, संस्कार देण्याचा. त्यात मिस्सा किंवा प्रभुभोजनाचा विधी, पापक्षमा, बाप्तिस्मा, विवाह हे सारे येते. तिसरा, कारभाराचा. पैसा, नेमणुका, शाळा, दवाखाने, जमीन आणि शिस्त यांचे निर्णय कोण घेणार?

बहुतेक चर्च या तीन प्रश्नांना तीन वेगळी उत्तरे देतात. काही ठिकाणी स्त्रीला उपदेश करता येतो, पण प्रभुभोजन देता येत नाही. काही ठिकाणी ती संस्थेचा मोठा कारभार पाहते, पण रविवारच्या प्रवचनाला उभी राहू शकत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे स्त्रियांना सगळे करता येते’ किंवा ‘काहीच करता येत नाही’ ही दोन्ही वाक्ये बहुधा अर्धीच खरी असतात.

कॅथलिक चर्चमध्ये स्त्री आज काय काय करू शकते?

समज आहे त्यापेक्षा पुष्कळ. मिस्सामध्ये शुभवर्तमान सोडून इतर शास्त्रपाठ ती वाचू शकते. नेमणूक झाली असेल, तर ख्रिस्तशरीर वाटू शकते आणि आजाऱ्यांना घरी नेऊन देऊ शकते. मुलांना धर्मशिक्षण देण्याचे काम तर बहुतेक ठिकाणी स्त्रियाच करतात. गोवा-सिंधुदुर्ग पट्ट्यात घरी किंवा खुरिसापुढे होणाऱ्या रोझरीच्या आणि लादीनच्या प्रार्थनेत पुढे म्हणणारा आवाज अनेकदा घरातल्या बाईचाच असतो.

काही गोष्टी कमी लोकांना माहीत असतात. बाळ दगावण्याच्या बेतात असेल आणि धर्मगुरू जवळ नसेल, तर परिचारिका किंवा सुईणही बाप्तिस्मा देऊ शकते. तो पूर्ण वैध असतो. धर्मगुरूंची टंचाई असेल, तर बिशप एखाद्या धर्मग्रामाच्या देखभालीत धर्मभगिनीला किंवा सामान्य स्त्रीला सहभागी करून घेऊ शकतात. चर्चच्या न्यायमंडळात सामान्य श्रद्धावान व्यक्तीला न्यायाधीश नेमता येते. ती व्यक्ती स्त्रीही असू शकते.

जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी शास्त्रपाठक आणि वेदीसेवक ही दोन अधिकृत सेवापदे स्त्रियांसाठी खुली केली. तोवर स्त्रिया दशकानुदशके पाठ वाचत होत्या, पण अधिकृत पदावर नियमाने फक्त पुरुषांचीच नेमणूक होत असे. म्हणजे जे काम चालू होते, त्याला नाव उशिरा मिळाले.

मग अडते कुठे?

दोन ठिकाणी. पहिली अडचण मिस्सामधील प्रवचनाची. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधी संहितेचे कलम ७६६ सांगते, की गरज किंवा उपयोग असेल तर सामान्य श्रद्धावानांना चर्चमध्ये उपदेशाची परवानगी देता येते. त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. पण लगेच पुढचे कलम ७६७ मिस्सामधले प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन यांच्यासाठी राखून ठेवते. त्यामुळे एखादी विदुषी धर्मभगिनी तपसाधनेच्या शिबिरात चार दिवस उपदेश करू शकते, परंतु रविवारी शुभवर्तमान वाचल्यानंतरची दहा मिनिटे तिला मिळत नाहीत. गुरुदीक्षा न घेतलेल्या पुरुषालाही ती मिळत नाहीत. फरक इतकाच, की पुरुष गुरुदीक्षा घेऊ शकतो.

दुसरी अडचण त्या दीक्षेचीच. कलम १०२४ नुसार बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच ही दीक्षा वैध रीतीने मिळते. १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी यावर स्वतंत्र पत्र काढले. स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाहीच, अशी त्यांची भूमिका होती. कारणे तीन सांगितली जातात. येशूने निवडलेले बारा प्रेषित पुरुष होते. ही परंपरा चर्चने अखंड पाळली. आणि मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरू ख्रिस्ताच्या जागी उभा असतो. यात स्त्रीला कमी लेखण्याचा हेतू नाही, भूमिका वेगळ्या असल्या तरी प्रतिष्ठा समान आहे, असे चर्च सांगते.

हे पटत नसलेले कॅथलिक अभ्यासकही आहेत. बारा प्रेषित पुरुष होते तसेच ते सगळे यहुदीही होते. मग धर्मगुरू यहुदी असावा अशी अट का नाही, असा त्यांचा प्रश्न असतो.

बायबल काय सांगते?

वादाचे मूळ इथे आहे, कारण बायबलमध्ये दोन्ही बाजूंना आधार सापडतो.

विरोधाचे मुख्य आधार दोन. तीमथ्याला पाठवलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, असा आशय आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, असे म्हटले आहे.

पण त्याच करिंथकरांच्या पत्रात तीन अध्याय आधी, अकराव्या अध्यायात, प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीने डोके झाकावे, अशी सूचना आहे. म्हणजे ती बोलत होती, हे गृहीत आहे. बोलायचेच नसेल, तर डोके झाकण्याची सूचना कशाला? काही जुन्या हस्तलिखितांत चौदाव्या अध्यायातील ‘गप्प राहण्या’च्या ओळी वेगळ्या जागी, अध्यायाच्या अखेरीस आढळतात. त्यावरून या ओळी नंतर घातल्या गेल्या असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते त्या मूळच्याच आहेत, पण करिंथच्या मंडळीतील गोंधळापुरत्या आहेत. तीमथ्याच्या पत्रात ‘अधिकार चालवणे’ यासाठी वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात दुसरीकडे कुठेच येत नाही. तो साध्या अधिकाराविषयी आहे की दांडगाईविषयी, यावरही एकमत नाही.

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय तर स्त्रियांच्या नावांनी भरला आहे. पहिलीच फिबी. तिच्यासाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द ‘डीकन’ या पदासाठीही वापरला जातो. मराठी भाषांतरांत तो ‘सेविका’ असा येतो. प्रिस्किल्ला आपल्या पतीसह अपुल्लो या विद्वान वक्त्याला शिकवते, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. युनिया हिला प्रेषितांमध्ये नावाजलेली म्हटले आहे. पुढच्या शतकांत काही भाषांतरकारांनी तिचे नाव पुरुषी करून टाकले. आता बहुतेक अभ्यासक ती स्त्रीच होती असे मानतात. आणि पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगायला योहानाच्या शुभवर्तमानात येशू पाठवतो तो मरिया मग्दालियेला. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

थोडक्यात, ‘बायबल असे सांगते’ हे वाक्य दोन्ही बाजू प्रामाणिकपणे म्हणू शकतात. कोणत्या ओळीला कायमचा नियम मानायचे आणि कोणत्या ओळीला त्या काळापुरती सूचना, हा निर्णय प्रत्येक चर्चने स्वतः घेतला आहे.

कोल्हापूरच्या प्रोटेस्टंट मंडळींचे उत्तर वेगळे का?

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. पुढे १८७० मध्ये हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. मिरजेचे प्रसिद्ध मिशन रुग्णालय याच परंपरेतले. प्रेस्बिटेरियन पद्धतीत धर्मगुरू हा देव आणि माणूस यांच्यातला मध्यस्थ नसतो. तो ‘पाळक’ असतो, म्हणजे वचन शिकवणारा आणि मंडळी सांभाळणारा. कारभारात मंडळीतील निवडलेल्या वडीलजनांचा वाटा असतो.

पद ही सेवा आहे असे एकदा मानले, की ती पुरुषानेच करावी याला धर्मशास्त्रीय आधार कमी उरतो. तरीही प्रेस्बिटेरियन मंडळींत दीर्घकाळ पाळक पुरुषच होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. या चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. तिथे स्त्री प्रवचन करते, बाप्तिस्मा देते, प्रभुभोजनाचा विधी चालवते, लग्न लावते आणि दफनविधीही करते.

हिंदू पुराणिक रमाबाई आणि ख्रिस्ती रमाबाई

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वात ठसठशीतपणे उभा राहिला तो पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रे फिरत पुराणे सांगू लागले. रमाबाईही लहान वयात लोकांसमोर पुराण सांगत. आईवडील दुष्काळाच्या काळात गेले. भावाबरोबर त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या, तेव्हा तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. म्हणजे विशीतली एक तरुणी पुरुषांच्या सभेत शास्त्र सांगत होती आणि पुरुष ऐकत होते.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकू आणि शिकवू लागल्या. १८८५ मध्ये तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्या मनात आले, की रमाबाईंनी इंग्रज तरुणांनाही शिकवावे. हे कळताच भारतात काम करणाऱ्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवले तर भारतात गैरसमज होईल आणि रमाबाईंच्या पुढच्या कामाला धक्का बसेल, असा त्यांचा सूर होता.

रमाबाईंना याचे नवल वाटले. आपल्या वडिलांनी किंवा पतीने आईच्या वा आपल्या शिकवण्याला कधी हरकत घेतली नव्हती, हे त्यांनी बील यांना पत्राने कळवले. भारतात काय चालेल आणि काय चालणार नाही, हे ठरवणारे बिशप इंग्रज होते. ज्या भारतीय स्त्रीने तिथेच हजारो लोकांसमोर पुराणे सांगितली, तिचे मत मात्र विचारले गेले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातही हाच ताण दिसतो. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटल्यानंतर दुसरे जोखड मुकाट्याने मानेवर घेणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणे आणि धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द मानणे, या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

केडगावला काय घडले?

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. विधवा, दुष्काळग्रस्त मुली, अंध स्त्रिया, टाकून दिलेल्या बायका यांची ही वसाहत. ती कोणत्याही एका चर्चच्या अधिकाराखाली नव्हती. शेती, छापखाना, शाळा, प्रार्थना हे सारे स्त्रिया चालवत.

१९०५ मध्ये तिथे धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. शेकडो मुली रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या आणि गटागटाने आसपासच्या गावांत जाऊन उपदेश करू लागल्या. अमेरिकेतील लॉस एंजेलिसची प्रसिद्ध पेंटेकोस्टल जागृती १९०६ ची. केडगावची घटना तिच्या आधीची आहे. मुक्ती मिशनमधील सहकारी मिनी अब्राम्स यांनी या जागृतीवर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचली आणि १९०९ च्या तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीला तिने चालना दिली. म्हणजे केडगावच्या स्त्रियांच्या प्रार्थनेचे पडसाद दुसऱ्या खंडात उमटले. त्यांच्यापैकी कुणालाही पाळकपदाची दीक्षा मिळालेली नव्हती.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते मुक्तीच्या छापखान्यातच छापले गेले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रीला शिकवण्यापासून अडवले गेले होते, तिनेच हा ग्रंथ आपल्या भाषेत आणला.

‘बायबल वुमन’ कोण होत्या?

रमाबाई अपवाद होत्या असे म्हणून हा विषय संपत नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांना एक अडचण होती. पुरुष उपदेशकाला परक्या घरातल्या बायकांशी बोलता येत नसे. मग भारतीय ख्रिस्ती स्त्रियांना थोडे शिक्षण देऊन ‘बायबल वुमन’ म्हणून नेमण्यात आले. अहमदनगर, पुणे, कोल्हापूर अशा मिशन केंद्रांतून त्या गावोगाव फिरत. वाचून दाखवत, गाणी म्हणत, आजारपणात धावून जात. पुण्याच्या सुंदराबाई पवार तर इंग्लंडमध्ये जाऊन अफूच्या व्यापाराविरुद्ध सभांतून बोलल्या.

या स्त्रियांच्या कामाला ‘प्रवचन’ म्हटले गेले नाही. ते ‘भेटी’ किंवा ‘वाचन’ म्हणून नोंदले गेले. काम जवळपास तेच असले, तरी नाव वेगळे असल्यामुळे अधिकाराचा प्रश्न उपस्थित झाला नाही.

याला एक ठळक अपवाद होता. १९ सप्टेंबर १८८२ रोजी साल्व्हेशन आर्मीचे चार जण मुंबईत उतरले. त्यांत मेरी थॉम्पसन ही एक स्त्री होती. या संघटनेत स्त्री अधिकाऱ्याला उपदेशाचा अधिकार सुरुवातीपासून होता. संस्थापक विल्यम बूथ यांच्या पत्नी कॅथरीन यांनी १८५९ मध्येच स्त्रियांच्या उपदेशाच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहिली होती. त्यांची मुलगी इव्हँजेलिन बूथ १९३४ मध्ये या संघटनेची जागतिक प्रमुख झाली. अहमदनगरचे बूथ रुग्णालय तिच्याच नावाने ओळखले जाते.

सध्या जगात काय चालले आहे?

अँग्लिकन परंपरेत फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना १९४४ मध्ये, युद्धकाळात, धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. मकाऊमध्ये धर्मगुरू पोहोचू शकत नव्हते, हे त्यामागचे कारण. युद्धानंतर वाद झाल्यावर त्यांनी पदाचे काम थांबवले. चर्च ऑफ इंग्लंडने १९९४ मध्ये स्त्रियांना धर्मगुरू केले. २०१५ मध्ये लिबी लेन या तिथल्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मुलाली यांची कँटरबरीच्या आर्चबिशपपदी निवड जाहीर झाली. या पदावर आलेल्या त्या पहिल्याच स्त्री. आफ्रिका आणि आशियातील अनेक पुराणमतवादी अँग्लिकन नेत्यांनी या निवडीवर जाहीर नापसंती व्यक्त केली.

भारतात चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये ई. पुष्पललिता यांना आंध्र प्रदेशातील नंद्याल धर्मप्रांताच्या बिशप केले. सीएनआयमध्येही अलीकडे ओडिशातील फुलबाणी धर्मप्रांतात व्हायोलेट नायक यांच्या रूपाने पहिली स्त्री बिशप आली.

उलट दिशेचा प्रवाहही आहे. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेने २०२३ मध्ये स्त्री पाळक नेमल्याच्या कारणावरून सॅडलबॅक हे आपले अतिशय मोठे चर्च बाहेर काढले.

कॅथलिक चर्चमध्ये दीक्षेची दारे बंद असली, तरी कारभाराची दारे उघडू लागली आहेत. ऑक्टोबर २०२३ च्या धर्मसभेत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्रांबिल्ला व्हॅटिकनच्या एका प्रमुख विभागाच्या प्रमुख झाल्या. पाठोपाठ सिस्टर राफाएला पेत्रिनी यांच्याकडे व्हॅटिकन सिटीच्या प्रशासनाची सूत्रे आली. स्त्रियांना डीकन करता येईल का, यासाठी पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० मध्ये अभ्यासगट नेमले, पण नियम बदलला नाही. पोप लिओ चौदावे यांनीही या बाबतीत तूर्त बदल करण्याचा इरादा दाखवलेला नाही.

न्यायालयात जाऊन हा हक्क मिळवता येईल का?

अवघड आहे. घटनेचे कलम २६ प्रत्येक धार्मिक संप्रदायाला धर्माच्या बाबींत स्वतःचा कारभार पाहण्याचा हक्क देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत हा हक्क आहे. धर्मगुरू कोण होणार, हा धर्माच्या अगदी गाभ्याचा प्रश्न मानला जातो. शनिशिंगणापूर किंवा शबरीमला येथील वाद भाविक म्हणून प्रवेशाचे होते, पुजारीपदाचे नव्हते. शबरीमला प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रवेशाच्या बाजूने निकाल दिला. मात्र धर्मस्वातंत्र्य आणि समानता यांच्या नात्याविषयीचे मोठे प्रश्न २०१९ मध्ये अधिक मोठ्या पीठाकडे पाठवले गेले.

चर्चमध्ये प्रवेशाचा वाद नाही. म्हणून बदल झाला तर तो चर्चच्या आतूनच, धर्मसभांच्या मतदानातून किंवा बिशपांच्या निर्णयातून होण्याची शक्यता जास्त. पुण्यातील स्त्री-पुरोहितांचे उदाहरण इथे बोलके आहे. त्या कोर्टाच्या आदेशाने आल्या नाहीत. कुणीतरी शिकवले, त्या शिकल्या आणि लोकांनी त्यांना लग्न-मुंजीला बोलावले.

परवानगी मिळाली की प्रश्न सुटतो का?

नाही. नियमाने दीक्षा मिळणे वेगळे आणि मंडळी मिळणे वेगळे. सीएनआयची स्थापना १९७० ची आणि पंचवीसहून अधिक धर्मप्रांत. पहिली स्त्री बिशप यायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. पाळकाची बदली होते, त्याला राहायला घर लागते, रात्री-बेरात्री आजाऱ्याकडे जावे लागते. स्त्री पाळकाच्या बाबतीत ‘नवऱ्याची नोकरी कुठे?’, ‘एकटी कशी राहणार?’, ‘दफनाला बाई येणार का?’ हे प्रश्न विचारले जातात. पुरुषाला यांतले बहुतेक प्रश्न कुणी विचारत नाही. आणि हे प्रश्न विचारणाऱ्यांत बायकाही असतात.

कॅथलिक बाजूलाही हेच लागू आहे. २०२१ च्या नियमाने शास्त्रपाठकाचे अधिकृत पद खुले झाले. ते प्रत्यक्षात किती ठिकाणी दिले जाते, हे बिशप आणि धर्मग्रामाच्या उत्साहावर अवलंबून आहे. कलम ७६६ ची उपदेशाची मुभा तर चाळीस वर्षांहून जुनी आहे. ती मागितली गेली नाही, तर कागदावरच राहते.

आजऱ्यातील मुलीपुढे आज कोणते रस्ते आहेत?

ती कॅथलिक असेल, तर धर्मभगिनी होणे हा ओळखीचा रस्ता आहे. पण तेवढाच नाही. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात धर्मभगिनी आणि सामान्य स्त्रियाही धर्मशास्त्र शिकतात. धर्मशिक्षिका, शास्त्रपाठक, तपसाधना शिबिराची मार्गदर्शक, चर्च न्यायमंडळाची सदस्य, धर्मग्राम समितीची सदस्य या भूमिका तिला घेता येतात. मिस्सा अर्पण करणे, मिस्सात प्रवचन देणे आणि पापक्षमा देणे या तीन गोष्टी मात्र आजच्या नियमात तिला शक्य नाहीत.

ती सीएनआय मंडळीची सभासद असेल, तर स्थानिक मंडळीची शिफारस, धर्मप्रांताची निवड, धर्मशास्त्राची पदवी, मग डीकनची आणि पुढे पाळकपदाची दीक्षा असा टप्प्याटप्प्याचा मार्ग आहे. पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थांत स्त्रियांना प्रवेश मिळतो. साल्व्हेशन आर्मीत अधिकारी होण्याचे प्रशिक्षण स्त्री-पुरुष दोघांना सारखेच. स्वतंत्र पेंटेकोस्टल मंडळींत एकच नियम नाही. कुठे स्त्रीच मंडळी चालवते, तर कुठे ती पाळकाची पत्नी म्हणूनच ओळखली जाते.

म्हणून कोणत्याही मंडळीत हा विषय निघाला, तर आधी तीन प्रश्न वेगळे करणे उपयोगाचे ठरते. वचन कोण सांगणार, संस्कार कोण देणार आणि कारभार कोण पाहणार? तिसऱ्या प्रश्नावर जवळपास सर्वच चर्चमध्ये स्त्रियांना जागा देता येते. त्यासाठी बहुतेक ठिकाणी कोणताही धर्मनियम बदलावा लागत नाही. पहिल्या प्रश्नावर, कॅथलिक चर्चसह, दिसते त्यापेक्षा बरीच मोकळीक आहे. खरा मतभेद आहे तो दुसऱ्या प्रश्नावर आणि तो लवकर मिटण्याची चिन्हे नाहीत. मात्र दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आहे, म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नावरही स्त्रियांना गप्प बसवले जात असेल, तर त्यामागे धर्मनियम नसतो, सवय असते. १८८५ मध्ये रमाबाईंनी दाखवून दिलेला फरक हाच होता.